खंडोबाच्या जागी शिपाई

पौडला बाबालालचाचांच्या दुकानात मी भांडायलाच गेले होते. पदराखाली तसबीर, अंगावर श्रावणसरीचं पाणी, आणि वाटेत घोकून ठेवलेली वाक्यं!

"चाचा, चौकट बसवायला खंडोबा दिला हुता. ह्ये काय दिलंत?"

देवाची नवी तसबीर आमच्याकडे फडक्यात बांधूनच आणतात. उघडायची ती हळदकुंकू लावताना, भावकीसमोर. सगळे मुठीत भंडारा घेऊन उभे, आईनं फडकं सोडलं – तर आत कुंपणाला रेललेला लाल कोटाचा गोरा शिपाई, आणि समोर दुधाची बादली घेतलेली गोरी पोरगी! चुलत्या फिदीफिदी हसल्या. आईनं तेवढं घाईनं फडकं परत वर ओढलं.

चाचांनी कपाळावर हात मारला. बोलला मात्र बाकावर बसलेला माणूस. खाकी शर्ट, बारीक कापलेले केस.

"त्ये चित्र माजं हाय. मी वाल्मीक, नेऱ्याचा. पलटणीत असतो. इंग्रज सायेब गेले, तवापासनं पलटणीच्या अडगळीत पडलं हुतं, त्ये म्या उचललं."

"मग आमचा खंडोबा?"

"त्यो आमच्या देव्हाऱ्यात. आई म्हनती, आपल्या पायानं आलेला देव माघारी धाडायचा न्हाई."

"म्हंजे आमचा देव तुमच्या घरी, आन् तुमचा शिपाई आमच्या घरी?"

"व्हय... पर दर्शनाला या की. कोन अडवतंय?"

मी हसू दाबलं. भांडण कुठल्या कुठे पळालं. चित्राकडे बोट करून मी उगाच विचारलं, "ह्यो आलाय, का चाललाय?"

"सुट्टी जवळ आली की वाटायचं, आलाय. सुट्टी सरली की..."

"आन् तिला काय वाटत आसंल?"

"तिचं तोंड कवा नीट बघितलंच न्हाई," माझ्याकडे बघत तो म्हणाला. "आज बघतोय."

चाचा उगाच काच पुसत राहिले.

चीनच्या लढाईनंतरची त्याची ती पहिलीच सुट्टी. मग पौडचा एकही बाजार मी चुकवला नाही. मिरच्या संपल्या, मीठ संपलं... सबबींना काय तोटा! आमच्यासाठी नवा खंडोबाही त्यानंच आणून दिला.

सुट्टी संपत आली, तेव्हा तो म्हणाला, "रंभा, माज्याशी लगीन करशील? पर परत येईनच, आसं वचन देनार न्हाई. खोटं कशाला बोलू?"

त्या क्षणी तो मला फार आवडला. माझे वडील वचन देऊन ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेले होते. मी तेव्हा पाळण्यात होते. ते आलेच नाहीत, आणि शिपायाला पोर द्यायची नाही, हे आईनं तेव्हाच ठरवलं होतं.

घरी चुलीपुढे मी तिला सगळं सांगितलं.

"शिपायाला?" आईनं वळून बघितलं. "माजं कपाळ बघून बी?"

"आये, बा येनार न्हाई ह्ये आदीच ठावं असतं, तर तू त्याला न्हाई म्हनली असतीस?"

आई चूल फुंकत राहिली. धुरानं की कशानं, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, उगाच विचारलं.

"न्हाई म्हनले नसते," ती हळूच म्हणाली. "लई थोडं दिस मिळालं, पर त्ये माजं हुतं."

मग पदरानं डोळे पुसून ती नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाली, "त्याला म्हनावं, एकटा येऊ नगंस. मागणी घालायला थोरलं मानूस संगं आन."