पुढे धावणारी प्रत

रुग्णालयाच्या अपघात विभागातील नोंदींची दुसरी प्रत उभी करण्याचे काम ज्या तंत्रज्ञावर सोपवले होते, त्याला सगळे ‘दुय्यम’ म्हणत. कामाचे स्वरूपच तसे होते. मुख्य डेटाबेस अपघात विभागाच्या तळघरात होता. त्यात उमटणारी प्रत्येक नोंद रस्त्यापलीकडच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरील थंडगार खोलीत, राखीव डेटाबेसमध्ये जशीच्या तशी उतरावयाची. उद्या तळघरात आग लागली, पाणी शिरले, तर राखीव प्रतीने निमिषार्धात मुख्य प्रतीची गादी चालवावी, एवढाच हेतू. तोवर ती केवळ वाचता येई. तिच्यात एक अक्षरही लिहिता येत नसे.

“पहिलीच्या उरावर सवत आणून बसवलीस म्हण की,” अपघात विभागाची मुख्य परिचारिका म्हणाली. ती त्याची सख्खी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

“सवत नाही गं ताई, पाठराखीण आहे ती.”

चाचणीसाठी त्याने शून्य क्रमांकाचा एक खोटा रुग्ण भरला. माहिती कुठून आणावी, म्हणून स्वतःचीच ठोकून दिली: वय एकेचाळीस, रक्तगट बी निगेटिव्ह, हनुवटीवर जुना व्रण. नोंद बिनबोभाट पलीकडे पोहोचली. दुय्यमने समाधानाचा निःश्वास टाकला.

सोमवारी सकाळी पडद्यावर दोन्ही प्रतींमधील अंतर दिसले: उणे अकरा सेकंद. म्हणजे राखीव प्रत मुख्य प्रतीच्या पुढे धावत होती. घड्याळे जुळत नसतील, असे समजून त्याने ती जुळवली. अंतर उणे चार मिनिटे झाले.

राखीव प्रतीतील शेवटची नोंद होती: ‘पुरुष, वय तीस, उजवा हात यंत्रात सापडून कोपरापासून तुटलेला.’ मुख्य प्रतीत तसे काहीच नव्हते. त्याने ताईला फोन लावला.

“हात तुटलेला कोणी आलाय का तिकडे?”

“सकाळपासून माशा मारत बसलोय आम्ही. का रे?”

तोच फोनमधून दारे आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक किंकाळी, माणसाच्या गळ्यातून निघू नये अशी. सोबत्याने तो हात प्लॅस्टिकच्या पिशवीत आणला होता, असे ताईने मागाहून सांगितले. बोटात अंगठी तशीच होती.

बुधवारी अंतर एका तासाचे झाले. ‘छातीत लोखंडी सळई आरपार.’ नोंदीत बांधकामाचा पत्ता होता. दुय्यम जीव खाऊन धावला. तथापि तो पोहोचला तेव्हा कामगार सळईचे टोक कापत होते, आणि तिच्यावर अडकलेला माणूस तोंडातून रक्ताचे बुडबुडे काढीत त्याच्याकडेच टक लावून पाहत होता. जणू दुय्यमनेच उशीर केला होता.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता नवी नोंद आली.

‘स्त्री, कर्मचारी. मानेवर डावीकडून कात्रीचा खोल वार. शीर तुटलेली. वेळ दुपारी तीन चाळीस. आणणाऱ्याचे नाते: भाऊ. मृत.’

कर्मचारी क्रमांक ताईचा होता.

तो रस्ता ओलांडून अपघात विभागात शिरला. ताई एका रडणाऱ्या म्हाताऱ्याच्या कपाळाची पट्टी कापत होती. कात्रीची पाती लांब, वाकडी आणि लखलखीत होती.

“ताई, आज घरी जा.”

“का? वॉर्ड काय तुझा बाप सांभाळणार?”

“आपला बाप एकच होता गं.”

“म्हणून तर विचारतेय. त्याला घरही सांभाळता आलं नाही.”

“निदान या कात्र्या तरी कुलपात ठेव!”

“आणि पट्ट्या काय दातांनी तोडू? जा बाबा, जेव काहीतरी. तोंड बघ कसं झालंय.”

त्याने नोंदीबद्दल सांगितले. ती आधी हसली, मग तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

आता एकच मार्ग उरला होता. राखीव प्रतीत लिहावयाचे, तर तिला मुख्य करणे भाग होते. शनिवारी ठरलेला प्रतींच्या अदलाबदलीचा सराव आजच घेतो, असे त्याने साहेबांना कळवले. दुपारी तीन वाजता त्याने तळघराकडे जाणारी तार स्वहस्ते उपसली आणि राखीव प्रतीला गादीवर बसवले.

ताईची नोंद उघडली. रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे नोंद कधीही पुसता येत नसे. केवळ दुरुस्त करता येई. त्याने ताईचा क्रमांक खोडला आणि तेथे शून्य लिहिले.

जो माणूस अस्तित्वातच नाही, त्याला कोण मारणार?

दुरुस्ती स्वीकारली गेली.

तीन चौतीसला फोन वाजला.

“ऐकतोस ना?” ताई धापा टाकत होती. “एक माणूस घुसला आत. माझ्या हातातली कात्री हिसकावली. गळाच धरला रे माझा!”

“लागलं तुला?”

“नाही. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यातला क्रमांक वाचला त्याने. ‘ही नाही’ म्हणाला आणि सोडून दिलं.”

“मग?”

“कात्री घेऊन गेला. रस्ता ओलांडून, तुझ्या इमारतीत. दार लावून घे! मी येतेय तुझ्याकडे.”

फोन बंद झाला.

दाराची कडी तर त्याने गेल्या आठवड्यातच काढवली होती. आग लागली तर आत कोणी अडकू नये म्हणून.

जिन्यावर पावले वाजू लागली. सावकाश.

त्याने पडद्याकडे पाहिले. शून्य क्रमांकाचा रुग्ण. वय एकेचाळीस. रक्तगट बी निगेटिव्ह. हनुवटीवर जुना व्रण.

खालच्या ओळीला त्याने हातही लावला नव्हता. तरी ती बदललेली होती.

आणणाऱ्याचे नाते: बहीण.