सत्तावन्न सालचं रिव्हॉल्व्हर

"मष्णू, चिंच आण! पाटील आंघोळीला गेलाय तोवर!" चावडीत शिरत पद्मावती म्हणाली. त्या रिव्हॉल्व्हरवरच्या थराखाली काय आहे, ते तिला बघायचंच होतं.

पद्मावती निपाणीच्या शाळेत इंग्रजी तिसरीत होती. दसऱ्याच्या सुट्टीत ती धाकट्या जिनदत्तला घेऊन खानापूरजवळच्या मामांच्या गावी आली, आणि चार दिवसांतच तिला आण्णाप्पा पाटलाचा वीट आला. खंडेनवमीला चावडीत पूजेला मांडलेलं ते रिव्हॉल्व्हर म्हणे त्याच्या आज्ज्याने सत्तावन्न साली गोऱ्याकडून हिसकावलेलं! दरवर्षी त्यावर तेल, हळद-कुंकू थापायचं. पुसायचं मात्र नाही. "सत्तावन्नचं कुंकू हाय ते!" असं पाटील मिरवायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार.

ह्याच पाटलाने गावभर केलं होतं, की मामांच्या शेजारच्या मष्णूच्या नागुआत्तीचा नवरा भावकू जर्मनच्या लढाईतून पळाला. पूजेनंतर पाटील पलटणीत गेलेल्यांची नावं घ्यायचा, त्यात भावकू नसायचा. सोळा वर्षं आत्ती त्या वेळी दार लावून घरात बसायची.

"लवकर गं आक्का!" दारात पहाऱ्याला उभा जिनदत्त कुजबुजला.

चिंचेने थर सुटला. मुठीवरची पितळी पट्टी चमकली, तिच्यावर इंग्रजी अक्षरं! पद्मावतीने वाचली आणि ती संतापाने लाल झाली.

"काय लिवलंय गं?" मष्णू म्हणाला.

"आधी आत्तीला आण. सगळ्यांसमोर वाचते!"

आत्ती आली. गावही जमलं. पाटील फेटा सावरत आला आणि ओरडला, "कुणी पुसलं रं हे?"

"मी! पाटीलमामा, सत्तावन्न साली तुमच्या आज्ज्याला एकोणीसशे सोळाचं रिव्हॉल्व्हर कसं मिळालं?"

"पोरीला काय कळतंय इंग्रजी?"

गावच्या शाळेतल्या गुरुजींनी चष्मा लावला आणि स्वतःच वाचून मराठीत सांगितलं, "नाईक भावकूच्या घरच्यांस. त्याने मला पाठीवरून तळावर आणले आणि तिथेच प्राण सोडला. कॅप्टन वेल्स, मेसोपोटेमिया, १९१६."

सगळा गाव पाटलाकडे वळला.

पाटील पुटपुटला, "भावकूच्या घरच्यांसाठी डाकेनं आलतं... संगट इंग्रजी कागूद. वाचाय येईना. इचारलं तर पाटलाची शोभा व्हायची! वाटलं, पळाला म्हणूनच लिवलं आसंल. हत्यार घेतलं ठिवून."

पद्मावतीला त्याची किळस आली. गुरुजींचं दार दहा पावलांवर! तिथवर जायची ह्याला लाज वाटली, पण एका बाईला पळपुट्याची बायको ठरवायची वाटली नाही.

"शाबास पोरांनो!" गुरुजी म्हणाले. "मोठ्यांना सोळा वर्षांत जमलं नाही ते तुम्ही केलंत. मीही कधी विचारलं नाही, ही माझीही चूक."

आत्तीने रिव्हॉल्व्हर पदरात घेतलं आणि ती पाटलापुढे जाऊन उभी राहिली.

"नावं तुमीच घेता न्हवं? घ्या की आता."

"भावकू..." पाटील खाली बघत म्हणाला.

"मोठ्यांदा!" आत्ती म्हणाली.

पाटलाने मान वर केली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं नाव घेतलं.