आत शून्य

मोतीराम सोमकुंवर सौसरच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या तीन नंबरच्या शेडमध्ये जळून मेला. आता हे वाक्य विसरून जा. असं काही झालंच नाही. गेटच्या रजिस्टरप्रमाणे तो त्या दुपारी दोन चाळीसला चहा प्यायला बाहेर पडला, आणि एवढा लांबलेला चहा पंचक्रोशीत कोणी प्यायला नसेल, कारण तो अजून परत आलेला नाही.

हे रजिस्टर कॉम्प्युटरवर होतं, आणि ते हेमंत पराडकरनं बनवलं होतं. हेमंत पांढुर्ण्याच्या एका मास्तरांचा मुलगा, वय तेवीस. नागपूरला कॉम्प्युटर शिकून आला तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगा रेडिओ दुरुस्त करेल. पण १९८७ साली जिनिंगच्या शेठनं एकदम दोन कॉम्प्युटर घेतले: सौसरच्या जिनिंगला एक, पांढुर्ण्याच्या तेल मिलला एक. एक नागपूरच्या दुकानातून, दुसरा इंदूरच्या. दोन्ही दुकानदारांनी सांगितलं, दोन्ही मशीन सारखेच. सारखे म्हणजे दोन जावा सारख्या असतात तितपत.

एकच प्रोग्राम दोन्हीकडे चालावा म्हणून हेमंतनं आधी एक वेगळाच प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव ठेवलं ‘चौकशी’. नव्या मशीनवर कोणती तयार सोय, म्हणजे लायब्ररी, आहे नि कोणती नाही, हे ही चौकशी शोधून काढे. माहितीपुस्तकावर तिचा विश्वास नव्हता, कारण माहितीपुस्तक विकणाऱ्यानं लिहिलेलं असतं. ती पाच ओळींचा एक इवला प्रोग्राम लिहायची आणि तो मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला खाऊ घालायची. पचला तर सोय आहे. ओकला तर नाही. मग पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटे: गणिताची लायब्ररी... आहे. तारखेची लायब्ररी... आहे. शेवटी ती अदबीनं माणसालाही विचारे, ‘मशीन असं म्हणतंय, तुमचं काय म्हणणं?’ एंटर दाबला की मशीनचं खरं. दुसरं काही लिहिलं की तुमचं. माणसाचा मान राखावा, एवढाच हेमंतचा हेतू होता.

जिनिंगला दोन गेट, दोन टर्मिनल, रजिस्टर मात्र एक. एक कारकून लिहीत असताना दुसऱ्याला थोपवायला फाइलला कुलूप लावावं लागतं, नाहीतर दोघं एकाच ओळीवर लिहितात आणि शेवटी लिहिणारा तेवढा उरतो. पांढुर्ण्याच्या मशीनवर कुलपाची लायब्ररी होती. सौसरला चौकशीनं सांगितलं: कुलूप... नाही.

दुसरा मार्ग काढायला दोन दिवस लागले असते. मॅनेजर पुंडलिकराव दारात उभे होते, चपला बाहेर काढून. मशीनच्या खोलीत ते चपला घालून कधी येत नसत. जामसांवलीच्या मारुतीचा शेंदूर त्यांनी मशीनला आधीच लावून ठेवला होता. “हेमंत, उद्या शेठ नारळ फोडून राहिले. झालं का?”

“झालंच, साहेब.”

तुमचं काय म्हणणं, असं चौकशीनं विचारलं. हेमंतनं लिहिलं: आहे. मग त्या ‘आहे’ची अब्रू राखायला तीन ओळींचं एक कुलूप स्वतःच बनवलं. ते काहीच बंद करत नसे. लावलं की फक्त म्हणे, ‘लागलं.’ पाचची बस त्याला मिळाली, खिडकीची जागासुद्धा मिळाली.

अकरा फेब्रुवारीला, चार वाजून दहा मिनिटांनी, कापसातून एक खडा सरकी काढायच्या जिनमध्ये गेला आणि ठिणगी उडाली. माणसं दोन्ही गेटांतून बाहेर पळाली, कारकुनांनी एकेकाला रजिस्टरात टिपलं. बंब लवकर आला. बंबवाले ओली पोती अंगावर घेऊन शेडमध्ये शिरणारच होते, तेवढ्यात पुंडलिकराव चपलांसकट मशीनच्या खोलीत धावत आले. “आत किती?”

हेमंतनं बटण दाबलं. आत: ०.

“थांबा हो!” पुंडलिकराव बाहेर ओरडले. “आत कोणी नाही!”

वीस मिनिटांत शेड बसली. कोणाचा जीव गेला नाही म्हणून संध्याकाळी पेढे वाटले. हेमंतनं दोन खाल्ले. कापूस सहा दिवस धुमसत होता. सातव्या दिवशी राख ट्रॅक्टरनं नेऊन टाकली. ती कोणी चाळली नाही, कारण आत शून्य होतं.

एक नंबर गेटचा कारकून विनायक हेमंतला चहाच्या टपरीवर म्हणाला, “मोतीराम तीनला परत आला ना आत. म्या सोता टाकलं मशीनमधी.” त्याच क्षणी दोन नंबर गेटवरून सुखदेव हमाल बाहेर पडला होता. ओळ एकच उरली, सुखदेवची. पुढं पुंडलिकरावांनी विचारलं तेव्हा विनायकला यातलं काही आठवेना.

मोतीरामची बायको कमलबाई मोहगावहून रोज गेटवर येऊन बसू लागली. ठाण्यात तिला सांगितलं होतं, गेला असंल नागपूरले, येईल. एकदा हेमंत दिसताच ती उठून उभी राहिली.

“साहेब, मशीन खोटं बोलते का?”

“मशीन खोटं बोलत नाही, बाई.”

हे शंभर टक्के खरं होतं. कुलपाला मशीननं ‘नाही’च म्हटलं होतं. त्यानंतर महिनाभर हेमंतला पेढ्याचा वास सहन होईना.

मार्चमध्ये शेठच्या हुकुमावरून तेच रजिस्टर तेल मिलच्या गेटवर बसवायचं ठरलं. भर दुपारी, सरकीच्या तेलाच्या वासात, हेमंतनं पांढुर्ण्याच्या मशीनवर चौकशी पुन्हा सुरू केली. मिलचा ऑपरेटर देवीदास शेजारी शेंगा सोलत होता.

“काय करून राहिले, हेमंतभाऊ?”

“मशीनची चौकशी करून राहिलो.”

“मंग विचारा बरं, माह्या साळ्याचं लगन जमते का यंदा.”

पडद्यावर ओळी उमटत होत्या. कंपायलर... आहे. गणिताची लायब्ररी... आहे. कुलूप... आहे. मोतीराम... आहे.

देवीदासनं शेंग तोंडात टाकली. “हे मोतीराम कोन्ती लायब्ररी होय?”

“जुनी आहे,” हेमंत म्हणाला.

चौकशी चारशे बारा ओळींची होती. त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तसलं नाव कुठेच नव्हतं. एक फुकटचा स्वल्पविराम तेवढा सापडला, तो त्यानं काढला आणि पुन्हा चालवून पाहिलं.

मोतीराम... आहे. धूर... आहे. दार... आहे.

दार उघडते का...

इथं मशीन थांबलं. आतली डिस्क कुरकुरत राहिली, पाच ओळींच्या प्रोग्रामला लागावा त्याहून कितीतरी जास्त वेळ. देवीदासनं शेंगा खाली ठेवल्या, हवेत नाक वर केलं. “काही जळून राहिलं का इथं? कापूस जळल्यावानी.”

नाही, असं पडद्यावर आलं. खाली नेहमीची अदब: मशीन असं म्हणतंय, तुमचं काय म्हणणं?

हेमंतनं एंटर दाबला नाही. दुसरंही काही लिहिलं नाही. त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा विझायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तो सौसरला गेला. कमलबाई गेटजवळ बसली होती. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. थोबाडीत बसली तर काच फुटू नये, इतका विचार त्यानं येताना बसमध्ये केला होता.

“कमलबाई, मशीन खोटं बोललं नाही. मी बोललो. मोतीरामभाऊ आत होते.”

समोरच्या रस्त्यानं दोन बैलगाड्या गेल्या.

“चष्मा घाला,” ती म्हणाली. “लिवताना दिसलं पाह्यजे.”

“काय लिहू?”

“आत्ता बोलले ते. माहा माणूस मेला म्हणायले कोणी तयार नाही, अन् जित्ता हाये म्हणाची माही हिंमत नाही. लिहून द्या.”

मशीनच्या खोलीत तिला खुर्ची देऊन हेमंतनं अर्ज टाइप केला. आतील संख्या शून्याऐवजी एक करावी. पुंडलिकराव मागं येऊन उभे राहिले. चपला बाहेर होत्या.

“हेमंत, बंबवाल्याची सही झाली शून्यावर. ठाण्याची झाली. शेठची झाली. तू काय करून राहिला?”

“एक करून राहिलो, साहेब.”

“अन् एक केला, तं दोन कशावरून नाही?” ते हळूच म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.

प्रिंटर खरखरला.

कमलबाईनं कागद फाडून त्याच्या हातात दिला. “वाचा.”

हेमंतनं कागदावरचा आकडा पाहिला, मग पडद्यावरचा. ‘एक’ त्यानं स्वतः टाइप केलं होतं. पडद्यावर अजूनही ‘एक’च होतं.

तीन ते चार या तासात विनायकच्या गेटमधून अजून कोण कोण आत आलं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. रोजंदारीच्या बाया याच वेळेला येत, आणि त्यांची नावं रजिस्टरशिवाय कुठेच नसत.

“वाचा ना, साहेब.”

त्यानं वाचलं.

प्रति, मा. व्यवस्थापक. विषय: आतील संख्या दुरुस्त करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, दिनांक ११ फेब्रुवारी रोजीची आतील संख्या शून्याऐवजी चार वाचावी. क्रमांक १, मोतीराम सोमकुंवर, राहणार मोहगाव. क्रमांक २, ३ व ४ यांना अद्याप कोणीही हाक मारलेली नाही. तरी मोजणी पूर्ण होईपर्यंत बंब परत पाठविण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.