बरं, येते हं

आमचं पहिलं भांडण झालं ते फोन कुणी केला यावरून.

जानेवारीतली दुपार होती. शाळेची मधली सुट्टी संपायला पाच मिनिटं उरलेली, मी स्टाफरूममधे नुकता डबा उघडलेला, आणि फोन वाजला. नंबर अनोळखी.

"हॅलो, बोला."

"हां जी, बोला," पलीकडून एक तरुण आवाज.

"मी काय बोलू? फोन तुम्ही केलाय."

"मी? नाही नाही… माझा फोन तर आत्ता वाजला. तुम्हीच केलाय."

"अहो, माझ्या हातात पोळीचा घास आहे! मी कशाला तुम्हाला फोन करू?"

मग तो स्वतःशीच हसल्यासारखा म्हणाला, "अच्छा… समजलं. गलती माझीच आहे. मी दोन फोन जोडायची चेष्टा करत होतो."

झालं! माझं डोकंच फिरलं. "चेष्टा? भरदुपारी अनोळखी बाईची चेष्टा करता? लाज नाही वाटत?"

"अहो, पण मी अगदी मनापासून चेष्टा केली!" तो काकुळतीला आला.

मी फोन आपटला. म्हणजे मोबाइल आपटता येत नाही म्हणून लाल बटण जोरात दाबलं.

दुसरा घास तोंडात घातला आणि मग ट्यूब पेटली. अगं बाई, हा हिंदीतली चेष्टा करत होता! बिचारा 'प्रयत्न' म्हणत होता. आमच्या माळव्यातल्या मराठी घरांत हे असंच चालतं. मुलं शिकतात हिंदी शाळेत, घरी मराठी बोलतात, आणि दोन्हींची मस्त खिचडी होते. मी मात्र त्यातली नव्हे हं! बाबांनी मला लहानपणी रोज एक पान मराठी मोठ्यानं वाचायला लावलं. धारमधे मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की निवेदनाला आधी ऋजुतालाच बोलावतात. दुसऱ्याच्या मराठीतल्या चुका काढणं हा माझा आवडता उद्योग. आई म्हणते, याच उद्योगापायी तुझी तीन स्थळं हुकली.

संध्याकाळी मीच त्याला फोन लावला. ओरडल्याबद्दल माफी मागायला… आणि 'चेष्टा' शिकवायला.

त्याचं नाव शौर्य. राहणार देवास.

"रिजुताजी, खरंच सॉरी—"

"रुजुता. 'रि' तुमच्या हिंदीत. आणि ते 'जी' नको."

"बरं… रुजुता." त्यानं ते इतकं जपून म्हटलं की मला उगीचच माझं नाव आवडलं.

मग त्यानं दुपारचा घोळ उलगडला. तो टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेवर एक सेवा बांधत होता. पूर्वी ही यंत्रणा कुलपात असायची. आता कंपनीनं एक मोकळा मंच ठेवलाय, बाहेरचा कुणीही त्यावर आपला प्रोग्रॅम लिहू शकतो.

"मंगल कार्यालयाच्या मुदपाकखान्यासारखं," तो म्हणाला. "शेगड्या, पातेली त्यांची. आचारी आपला, बेत आपला. घरचा फोन, मोबाइल, इंटरनेट, सगळ्या पंगतींना वाढप एकच. मी फक्त सांगतो, हे दोन नंबर जोडून दे. कंपनी दोघांना घंटी मारते. दोघांना वाटतं, समोरच्यानं केला."

"आणि माझाच नंबर कसा हो सापडला?"

तो घुटमळला. "मोरोपंतांचा लावायचा होता. त्यांच्या पत्रकावर नंबर मराठी आकड्यांत छापलाय… ते एक आणि नऊ मला जरा…"

"तुम्ही शेवटचा एक नऊ वाचलात?"

"…हो."

मी इतकी हसले की आई पोळ्या टाकून बघायला आली.

मोरोपंत देवासला एक ट्रस्ट चालवतात. बागली, सतवास अशा गावांतून म्हाताऱ्या माणसांसाठी डोळ्यांची शिबिरं घेतात. शौर्यची सेवा त्यांच्यासाठी होती. आजीनं घरच्या जुन्या फोनवरून लावावा, आजोबांनी बटणाच्या मोबाइलवरून, नाहीतर नातवाच्या स्मार्टफोनवरून. उत्तर एकच आवाज देणार, तारीख सांगणार, येणार का विचारणार, आणि येणाऱ्यांची यादी थेट डॉक्टरांकडे. हिंदी तयार होतं. मराठी आवाज मिळत नव्हता.

"तुमचा आवाज रागातसुद्धा फार साफ येतो," तो म्हणाला. "न रागावता कसा येतो, ते ऐकायचंय."

त्यानं मला आधीच सगळं सांगून टाकलं होतं. मार्चमधलं बागलीचं शिबिर ही परीक्षा. सेवा नीट चालली तर ट्रस्ट ती कायमची ठेवणार आणि तो देवासात राहणार. नाही चालली तर हैदराबाद. तिथल्या नोकरीचं पत्र येऊन पडलंच होतं, पंधरा मार्चपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. मी म्हटलं, बघू या की. त्या वेळी मला हैदराबादचं काहीच वाटलं नव्हतं.

रेकॉर्डिंगला तो धारला आला. उंच, जरा वाकून चालणारा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. माझ्या आईनं त्याला खुर्चीवर टेकूही दिलं नाही.

"देवासचे म्हणजे थोरल्या पातीचे की धाकट्या?"

देवासला एके काळी दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. आईला समोरचा माणूस त्यातल्या एकीत बसवल्याशिवाय चहा ठेवता येत नाही.

"मी… बस स्टँडच्या मागे राहतो, काकू."

आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी खिडकीकडे.

मधल्या खोलीत आम्ही दोऱ्यांवर गोधड्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. "नमस्कार. आपलं नाव सांगा." "शिबिराला आपण येणार का?" एकेक वाक्य सात-सात वेळा. मधेच कुकरची शिट्टी झाली. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मी गप्प, तो गप्प, गोधड्यांच्या त्या गरम अंधारात आम्ही एकमेकांकडे बघत उभे. शिट्टी कधीच थांबली होती, तरी दोघंही श्वास धरून होतो.

"बोल ना," तो हळूच म्हणाला. अहो-जाहो तिथंच कुठंतरी गळून पडलं.

मग फोन रोजचे झाले. काम पाच मिनिटांचं, बोलणं तासाचं. तो मला त्याच्या प्रोग्रॅमच्या गमती सांगायचा, मी त्याच्या चुका काढायचे. कधी कधी तो मुद्दाम चूक करतो असा मला संशय यायचा.

एकदा त्यानं विचारलं, "यंत्राला होकार कसा ओळखायला शिकवू? म्हातारी माणसं नुसतं 'हो' थोडीच म्हणतात?"

मी झोकात यादी करून दिली. हो, होय, बरं, येईन, येऊ, येतो, येते. 'बरं' त्यानं स्वतःच खोडलं, म्हणाला, बरं तर लोक कशालाही म्हणतात.

"आणि 'येते' म्हटलं की पक्कं?"

"पक्कं म्हणजे पक्कं. मराठी तू मला विचारतोस?"

"नाही बाबा," तो हसत म्हणाला, "चेष्टा नाही करत."

बागलीच्या शिबिराला यंत्रानं त्रेचाळीस नावं पक्की केली. इंदूरहून तीन डॉक्टर मशीन घेऊन आले. मंडप, खुर्च्या, चहा सगळं होतं. माणसं आली अठरा. डॉक्टर दुपारपर्यंत बसून कंटाळले आणि निघून गेले. मोरोपंत चारचौघांत शौर्यला म्हणाले, "आमचा कागद-पेन्सिलीचा कारभार बरा होता."

शौर्यनं फोनवर मला एवढंच सांगितलं, "माझी मराठी कच्ची पडली. सांगितलं मी त्यांना."

"काय कच्ची पडली? काय चुकलं?"

"जाऊ दे ना, रुजुता."

जाऊ दे म्हटलं की मी जाऊ देत नाही. पुढच्या शनिवारी सकाळच्या बसनं निघाले, इंदूरला गाडी बदलली आणि अकराला देवासात त्याच्या ऑफिसच्या दारात उभी राहिले. औषधांच्या दुकानावरची एक खोली. खिडकीतून देवीच्या टेकरीवर चढणाऱ्या माणसांची रांग दिसत होती. तो मला बघून उठला, खुर्ची सरकवली, पुन्हा तीच खुर्ची मागे घेतली.

"मला ते फोन ऐकव," मी म्हटलं. "जी आली नाहीत त्यांचे."

"काय करणार ऐकून?"

"ऐकव म्हटलं ना!"

त्यानं नाइलाजानं हेडफोन दिला. पहिला फोन. "नाही गं बाळ, गुडघे धरलेत माझे. बागलीपर्यंत नाही व्हायचं. बरं, येते हं." पडद्यावर त्या नावापुढे लिहिलं होतं, पक्कं. दुसरा फोन. "सून माहेरी गेलीय, घर कुणावर टाकू? येते." पक्कं. तिसरा, चौथा, तेच.

पाचव्या होत्या सतवासच्या उमाबाई. आवाज सावकाश, अगदी आपल्या माणसाशी बोलावा तसा. "बाई गं, किती गोड विचारतेस. पण ह्यांना मुळीच दिसत नाही आणि माझ्यावाचून ते घटकाभर राहत नाहीत. दोघांनी यायचं तर गाडी कुठून आणू? तू विचारलंस, बरं वाटलं. सुखी राहा. बरं, येते हं."

मी हेडफोन काढला. त्या माझ्याशी बोलत होत्या, माझ्या त्या सात वेळा घोटलेल्या वाक्याशी, आणि मी त्यांच्या नावापुढे पक्कं लिहून मोकळी झाले होते.

निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आपल्यात पोरीबाळींना बोलता येण्याआधी शिकवतात. फोन ठेवतानाही तेच तोंडात येतं. मी स्वतः दिवसातून दहादा म्हणते. शौर्यच्या मंचावर कुणीही बोलावं, कुठल्याही फोनवरून बोलावं, एवढी सगळी दारं उघडी, आणि त्या दारात मी उभी राहिले होते कान बंद करून. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"ही चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुला माहीत होतं?"

"रविवारीच ऐकलं सगळं."

"आणि तू मोरोपंतांना सांगितलंस, तुझी मराठी कच्ची?"

"कच्ची तर आहेच ना." तो पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. "हैदराबादला आज हो कळवायचंय. मी तसाही जाणार… मग तुझं नाव कशाला मधे? तू ती यादी किती आनंदानं केली होतीस."

मला रडू येत होतं आणि रागही. राग आधी बाहेर आला. "दुसऱ्याच्या चुका मी जन्मभर काढल्या आणि माझी तू खिशात घालून चाललास? दे तो नंबर! शेवटी एक आहे, नऊ नाही!"

मोरोपंतांनी फोन उचलला. "कोण बोलतंय?"

"मी ऋजुता, धारची. तुमच्या फोनमधली बाई."

मी सगळं सांगितलं. यादी माझी, 'येते' माझं, शौर्यचा त्यात काडीचा दोष नाही.

"म्हणजे त्या येणार म्हणाल्या नव्हत्या," मोरोपंत हळू म्हणाले, "निरोप घेत होत्या." मग खाकरले. "बरं, पुढं काय? यंत्राला हे कळायचं कसं?"

मी शौर्यकडे बघितलं. पुढं काय म्हणजे मला तरी कुठं माहीत होतं? पण उमाबाईंचा आवाज कानात होता. गाडी कुठून आणू…

"कशावर येणार, असं विचारू या," मी म्हटलं. "जी खरंच येणार ती सांगेल, दहाची बस, भाच्याची मोटरसायकल. जिला जमणार नाही ती अडचण सांगेल. आणि ज्यांची अडचण नुसती गाडीची आहे, त्यांना आपण गाडी पाठवू."

"एक प्रश्न वाढवायचा, तासाभराचं काम," शौर्य मागून पुटपुटला. "कंपनीलासुद्धा विचारायला नको."

"ऐकलं मी," मोरोपंत म्हणाले. "एप्रिलात सतवासला शिबिर आहे. तिथं एकदा करा. पण मुली, जबाबदार कोण? हा पोरगा तर निघाला ना?"

"मी जबाबदार," मी म्हटलं. "त्याचं त्याला विचारून सांगते."

फोन ठेवला. खाली दुकानात कुणीतरी ओरडत होतं, "भिया, खोकल्याची दो गोळी!" आम्ही दोघंही नको इतकं लक्ष देऊन ते ऐकत होतो.

"तू कशाला सांगितलंस?" शौर्यनं विचारलं. "मी बदनाम झालो असतो तर हैदराबादला कुणाला कळणार होतं? तुझं काय बिघडलं असतं?"

"तू गेला असतास," मी म्हटलं. "ते बिघडलं असतं."

बोलून गेले आणि कानाच्या पाळ्या तापल्या. आता थांबून काय उपयोग? "मला तू हवायस, शौर्य. शिबिर चालो न चालो. रोज तुझा फोन येतो त्याआधीची पाच मिनिटं मी दुसरं काहीही करत नाही… बस. झालं सांगून."

त्यानं टोपण खाली ठेवलं. "माझं पण… मला पण तू… याला मराठीत काय म्हणतात, रुजुता? नीट सांग, मला चूक नाही करायची."

"याला मराठीत काही म्हणत नाहीत. हात धरतात."

त्यानं धरला. बराच वेळ आम्ही तसेच बसून होतो, आणि टेकरीवरची रांग वर-वर सरकत होती.

मग त्यानं उजव्या हातानं, एकेक अक्षर शोधत, हैदराबादला नकार लिहिला. डावा हात त्यानं माझ्याकडेच राहू दिला होता. पत्र इंग्रजीत होतं, चार ओळींचं. पाठवण्याआधी त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. मी दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती.