पंधरा सप्टेंबरची पोच

मोरेश्वरकाकांनी टेबलाचा खण तिसऱ्यांदा ओढला. लिफाफा जागेवर होता. लिफाफ्यातली पोच नव्हती.

"काल संध्याकाळी तूच ठेवली ना?" त्यांनी विचारलं.

"मीच," उषा म्हणाली. "सहा वाजून वीस मिनिटांनी. तुम्ही मशीन पुसत होता."

ऑक्टोबर १९८९. पांढुर्ण्यातला मोरेश्वरकाकांचा छापखाना. सकाळचे साडेनऊ वाजले होते. शुक्रवारी माजी आमदार रघुनाथराव ऊर्फ भाऊसाहेब यांच्या पुस्तिकेचं प्रकाशन होतं. पुस्तिकेचं नाव 'झुकणार नाही'. पानं बत्तीस, त्यांतली दहा एकाच घटनेवर.

घटना चार वर्षांपूर्वीची. १७ सप्टेंबर १९८५ रोजी चिंचघाट नावाच्या लहानशा रेल्वे हॉल्टवर बेवारस पिशवीतला ट्रान्झिस्टर बॉम्ब फुटला. हॉल्टवरचा पोर्टर कवडू जागीच गेला. तो बॉम्ब कुणी ठेवला, हे पोलिसांना कधीच कळलं नाही. पण रघुनाथरावांचं नाव तेव्हापासून जिल्हाभर झालं. स्फोटाआधी त्यांना टपालानं धमकीचं पत्र आलं होतं. ते डगमगले नाहीत. पत्र मिळताच स्वतः चौकीत नेऊन दिलं, कवडूलाही सावध केलं. कवडूनं ऐकलं नाही. पुस्तिकेत असं लिहिलं होतं.

'मी झुकणार नाही. अतिरेक्याला दया नाही आणि गाफिलालाही नाही.' रघुनाथरावांच्या या वाक्यांवर उषानं कॉलेजात असताना उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

आता ती एम.एस्सी. होऊन सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. दिवाळीच्या सुट्या लागल्या होत्या. सौंसरचेच, तिचे शाळेतले गुरू मुकुंद सर रघुनाथरावांची भाषणं लिहीत. पुस्तिकाही त्यांनीच लिहिली होती. 'चूक राहायला नको, म्हणून तू प्रुफं बघ,' असं सांगून त्यांनी तिला बोलावलं होतं.

पत्र चौकीत दिल्याचा एकच पुरावा होता, ती पोच. शिक्का आणि सही असलेला कागद. आज तो छपाईचा ब्लॉक करून घ्यायला नागपूरला जायचा होता.

"छापखान्याची किल्ली कुठं असते?"

"मागच्या दारी, विटेखाली. साऱ्या गावाले माहीत हाय."

उषानं खोलीभर नजर फिरवली. टाइपाचे खण, कागदाचे गठ्ठे, दौती. सगळं कालच्यासारखंच होतं. फक्त भिंतीवरची कॅलेंडरं तिरकी झाली होती.

मोरेश्वरकाका दरवर्षी स्वतःचं कॅलेंडर छापत आणि नमुना म्हणून जुन्यावर नवं टांगत. एका खिळ्यावर दहा वर्षं होती. उषानं एकेक उचललं. अठ्ठ्याऐंशी, सत्याऐंशी, शहाऐंशी. पंच्याऐंशीवर ती थांबली. ऑगस्टनंतर एकदम ऑक्टोबर आला होता. वरच्या पत्र्याच्या पट्टीत सप्टेंबरचा बोटभर फाटका तुकडा अडकून होता.

"काका, हे पान काल होतं. सरांनी आणि मी पाहिलं."

"आता हे कायले कोणी चोरंन?" मोरेश्वरकाका म्हणाले. "पुड्या बांधाले?"

उषानं वहीत लिहिलं: दोन वस्तू गेल्या. एकीचं कारण कळतं. दुसरीचं कळत नाही. दुसरीवरून शोधावं.

तेवढ्यात गुणवंता आत आला. रघुनाथरावांचा तो उजवा हात. गडी पांढुर्ण्याचा, उंच. हनुवटीवर जुन्या जखमेचा पांढरा वण.

"लिफाफा द्या, उषाताई. अकराची गाडी हाय मले."

पोच नाहीशी झाल्याचं तिनं सांगितलं. गुणवंतानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"म्हंजे ते काम कवडूच्या बायकोचंच हाय. काल ती भांडून नाई का गेली इथून?"

"तुम्ही ती पोच पाहिली होती, गुणवंताभाऊ?"

"म्या? बंद लिफाफा देल्ला सरनं, म्या तसाच आणून देल्ला. आपून काही फोडून पाहाचं नाई कोनाचं."

"काका, तुम्ही?"

"म्या ते हातातई नाई घेतलं. ब्लॉक नागपूरले होनार, म्या काय पाहू?"

म्हणजे पोच वाचलेली माणसं दोनच होती. ती आणि सर. आणि काल दुपारी दारात उभी असलेली कवडूची बायको, प्रेमलता? तिला वाचता येत नव्हतं.

प्रेमलता पुन्हा आली ती दहा वाजता. कवडूच्या मागं तिला हॉल्टवर पाणी भरायचं काम मिळालं होतं आणि राहायला एक खोली. पुढच्या महिन्यात रेल्वेच्या चौकशीचा निकाल लागणार होता. सावध करूनही कवडूनं पिशवीला हात लावला असं ठरलं, तर ती खोली जाणार होती. आणि ही पोच चौकशीपुढं ठेवायचं रघुनाथरावांनी जाहीर केलं होतं.

"आली पाहा," गुणवंता म्हणाला. "काढ वो बाई, कागद कुठं हाय तो?"

"तुया भाऊसाहेबाच्या बंडीच्या खिशात पाह्य," प्रेमलता म्हणाली. "तिथंच जातेत साऱ्याईचे कागद."

"प्रेमलताबाई," उषा म्हणाली, "काल इथून कुठं गेलात?"

"पाचच्या गाडीनं घरी. हॉल्टवर साऱ्याईनं पायलं मले."

"पोच तुम्ही घेतली नाही?"

"फाडाची असती तं काल तुमच्या तोंडासमोर फाडली असती. चोरी कायले करू? म्या खोटी हाव का?"

"पत्राचं पुन्हा एकदा सांगा."

"किती खेपा सांगू वो बाई? टपालानं नाई आलं ते. माया मालकालेच सापडलं, हॉल्टच्या खिडकीत. भाऊसाहेब हर सभेत म्हनत, असं काई सापडलं तं पयले माझ्याकडं आना, मी घाबरनारा मानूस नाई. म्हनून थो त्याईच्याकडं घेऊन गेला. चौकीत नाई गेला. 'मी पाहतो' म्हनले. पोळ्याचा दिवस होता. बैलं सजून उभे होते आंगनात."

"आणि स्फोट?"

"पोळा झाला अन् तिसऱ्या दिवशी. थो रोज पाहे का भाऊसाहेबाचे पोलीस आले का. कोनी नाई आलं. मंगळवारी पिशवी दिसली. बाकावर लेकरं बसून होते, म्हनून उचलून दूर न्याले गेला."

काल हे ऐकताना उषानं नकारार्थी मान हलवली होती. पोळा साधारण ऑगस्टअखेर येतो आणि स्फोट सप्टेंबरच्या सतराला झाला. बाईंच्या सांगण्यात तीन आठवड्यांचा फरक पडत होता. सरही हळू आवाजात म्हणाले होते, "दुःख खरं आहे, उषा. स्मरण खरं नाही."

त्यानंतर काय झालं होतं? ती आठवू लागली. प्रेमलता निघून गेली. मोरेश्वरकाका चहा सांगायला बाहेर गेले होते. पोचेवरच्या तारखेचा वार कोणता, असं तिनं विचारलं. सर उठले, कॅलेंडरं उचलून पाहिली आणि म्हणाले, "रविवार. पण पोलिसांना कुठला रविवार?" मग ते पान खाली सोडायला त्यांनी जरा वेळ लावला होता. चष्मा काढून पुसला होता.

उषानं वही मिटली.

"गुणवंताभाऊ, पोचेवर तारीख होती पंधरा सप्टेंबर, पंच्याऐंशी. सकाळी अकरा."

गुणवंताचा हात आपोआप हनुवटीवर गेला.

"पंधराले? त्या दिवशी तं गोटमार होती."

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती गोटेफेक ऑगस्टात असते ना?"

"असते. पन त्या साली दोन श्रावन होते, उषाताई. पोळा लांबला. मले नका शिकवू. आठ टाके हायेत हे. दवाखान्याच्या कागदावर तारीख हाय."

"बरोबर," मोरेश्वरकाका म्हणाले. "चौदाले पोळा, पंधराले गोटमार. माया कॅलेंडरात लाल अक्षरात छापून होतं."

म्हणजे प्रेमलताचा हिशेब एका दिवसानंही चुकला नव्हता. शनिवारी पोळा, मंगळवारी स्फोट.

"गोटमारीच्या दिवशी चौकीत कोण असतं?" उषानं विचारलं.

"कोन राह्यते? सारे पोलीस नदीवर. इकडून आमी, तिकडून सावरगाववाले, मंधात झेंडा. चौकीले कुलूप."

"आणि भाऊसाहेब अकरा वाजता कुठं होते?"

"नदीवरच. सकाळपासून मंचावर होते. मले गोटा लागला तवा त्याईनंच आपला दुपट्टा माया तोंडाले..."

गुणवंता बोलता बोलता थांबला. वणावरचा हात त्यानं खाली घेतला आणि त्या हाताकडं पाहत राहिला.

"दिवसभर मायापाशीच होते," तो हळूच म्हणाला.

पावणेअकराला मुकुंद सर आले. धुतलेला सदरा, खांद्यावर शबनम. आल्या आल्या हसले.

"घोटाळा झाला, मोरेश्वरराव. पोच माझ्याच पिशवीत राहिली होती. काल घाईत उचलली." त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

उषानं तो घेतला. जांभळा शिक्का, निळी शाई. तारीख १६ सप्टेंबर १९८५.

"सर, काल पंधरा होती."

"सोळाच होती. तू चुकीचं वाचलंस. थकली असशील."

आठवीत असताना प्रयोगवहीत तिनं अंदाजानं आकडा लिहिला होता, तेव्हा याच सरांनी ते पान फाडून हातात दिलं होतं. 'पाहिलंस ते लगेच लिही. नंतर मन आपल्या सोयीचं आठवतं.' तेव्हापासून तिनं एकही दिवस वही सोडली नव्हती.

तिनं वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि वाचली.

"'पोच. रुंदी साडेसहा इंच. तारीख १५-९-८५, वेळ सकाळी ११. डाव्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं.' सर, या कागदाला एकही भोक नाही."

सरांनी कागद उलटून पाहिला.

"काल तुम्ही वार बघायला कॅलेंडर उचललंत," उषा म्हणाली. "वाराखाली लाल अक्षरात गोटमार दिसली. तेव्हा कळलं की तारीख चुकली. स्फोट सतराचा, म्हणून दोन दिवस मागं मोजून तुम्ही पंधरा लिहिली होती. रात्रीतून दुसरी पोच करायची, तर पहिली नाहीशी व्हायला हवी होती. ती तुम्ही नेली. इथवर कोणीही हेच केलं असतं."

"मंग कॅलेंडर कायले फाडलं?" मोरेश्वरकाकांनी विचारलं.

"तिथंच चोर सापडला, काका. मी आल्यापासून तेच शोधते आहे. त्या पानाची भीती कुणाला वाटेल? तुम्हाला नाही. गुणवंताभाऊंना नाही. पांढुर्ण्याच्या माणसाला ती तारीख कॅलेंडरात बघावी लागत नाही. त्यांच्या तर हनुवटीवरच आहे ती. पान फाडून कुणी गोटमार विसरणार नाही, हे इथल्या पोरालाही कळतं. आणि मुळात, इथल्या माणसानं त्या दिवशीची पोच लिहिलीच नसती. गोटमार कागदावरच असते असं फक्त बाहेरच्याला वाटेल. सौंसरच्या माणसाला." ती सरांकडं वळली. "पोच वाचलेले सौंसरचे आपण दोघंच, सर. मलाही कळलं नव्हतं. मीसुद्धा काल या बाईंना खोटं ठरवलं."

तिनं नव्या कागदावरच्या जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"शिक्का?" तिनं विचारलं.

"नागपूरला करवून घेतला," सर म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "मागच्या वर्षी."

"खरं पत्र चौकीत गेलंच नाही?"

"नाही. भाऊसाहेबांच्या बंडीच्या खिशात राहिलं. बुधवारी, चतुर्थीला, हॉल्टवर त्यांच्या हातून शेडचं उद्घाटन होतं. मोठी सभा होती. पोलिसांना कळलं असतं तर सभा रद्द झाली असती. ते म्हणाले, चार दिवसांनी देऊ." सरांनी प्रेमलताकडं पाहिलं नाही. "स्फोट झाला त्या संध्याकाळी त्यांनी ते चुलीत घातलं. मी तिथं होतो."

"आणि कवडूला सावध केलं होतं?"

"ते मी लिहिलं. त्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नव्हती."

"कशासाठी, सर?"

त्यांनी टेबलावरची प्रुफं पुढं ओढली. वरच्या पानावर मोठ्या टाइपात पुस्तिकेचं नाव होतं.

"'झुकणार नाही' हे माझं वाक्य आहे, उषा. चार वर्षं लोक त्यावर टाळ्या वाजवत होते. तूही वाजवल्यास. मला ते खरं हवं होतं."

गुणवंता उठला. खांद्यावरचा दुपट्टा त्यानं काढला, घडी न घालता टाइपाच्या खणावर टाकला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. अकराची गाडी शिटी देऊन निघून गेली. त्यानं मान वळवली नाही.

"सर," प्रेमलता पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली. "माया मालक तुमाले मास्तर म्हनून नमस्कार करे. बजारात दिसले का थांबून करे."

सरांनी डोळे मिटले.

उषानं कोरा कागद त्यांच्यापुढं सरकवला. शाईचं पेन उघडून ठेवलं.

"जे झालं तेच लिहा. चौकशीला हे जाईल."

"माझं नाव जाईल, उषा."

"बाईंची खोली जाते आहे. आणि कवडूचं नाव चार वर्षांपूर्वीच गेलंय. तेही तुमच्याच हातानं."

ते लिहू लागले. अक्षर तेच होतं, टपोरं आणि सरळ. याच अक्षरात त्यांनी तिच्या वहीवर कधीकाळी 'उत्तम' लिहिलं होतं. अर्धं पान, मग पाऊण पान झालं. मोरेश्वरकाकांनी मशीनवर चढवलेला 'झुकणार नाही'चा जुळवलेल्या टाइपाचा फर्मा उतरवला आणि टाइप सुटा करायला घेतला. एकेक अक्षर आपापल्या घरात पडत होतं.

सरांनी खाली सही केली. मग पेन थांबलं.

"आज तारीख काय?"

उषानं भिंतीकडं बोट केलं. खिळ्यावर कॅलेंडरं अजून तिरकीच लटकत होती.

"उठून बघा, सर," ती म्हणाली. "आणि मग लिहा."