चनमल्लप्पाच्या मुशीतली पुंगळी

हसायचं आसंल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. मधी हसलेलं मला खपत न्हाय. ही गोष्ट चनमल्लप्पा तांबटानं मला सोता सांगितली. भवानी पेठेत त्येची भट्टी माज्या दुकानाला लागूनच व्हती. त्यो थापा मारणारा माणूस न्हवं.

तीस साल. सोलापुरात लष्करी कायदा लागलेला. पोलिसाच्या गोळीबारात मागावर काम करणारा सोमलिंग मेला, आन सरकारनं खुनाचा आळ घातला त्येच्याच भावावर, बिरप्पावर. का, तर त्येच्या घरात ठासणीची बंदूक घावली. सोमलिंगची बायकू गिरिजाबाई काडतुसाची रिकामी पुंगळी घेऊन चनमल्लप्पाकडं आली. नवरा पडला तितंच घावलेली.

"आण्णा, ही कुटली तेवढं सांगा. माजा दीर फासावर जाईल."

तांबट मोडीत जुनं भांडं घेताना आधी पालथं करतो. कुणाचा माल, ते तळावर कळतं. तशीच त्यानं पुंगळी पालथी केली. तळाला इंग्रजी के, बाण, एफ आन २९ चा आकडा. चौदाच्या लढाईत त्यानं दारूगोळ्याच्या गोदामात हमाली केलेली, ही अक्षरं त्येला तोंडपाठ.

"के म्हंजे खडकी. बाण म्हंजे सरकारी. मागल्या सालचा माल. आन ठासणीच्या बंदुकीत दारू नळीतनं ठासत्यात, तिच्यातनं पुंगळी पडतच न्हाय की. उद्या कचेरीत सायबापुढं सांगतो."

कुणी तरी चुगली केली, सांजच्याला फौजदार आला. "वितळव ती. नाहीतर बिरप्पाच्या शेजारी तुलाही जागा आहे."

चनमल्लप्पा भ्याला. घरात तीन लेकी, लई भ्याला. पंचवीस जून, बुधवार, अवसेच्या आदली रात. साडेअकराला भट्टी पेटवली, मुशीत पुंगळी टाकली आन भाता वढला.

वारा गेला... जाळ वाढंना.

परत वढला. जाळ काळा पडला.

भट्टीपल्याड कोण तरी बसलेलं. सोमलिंग. सदऱ्याला भोक. हातात चनमल्लप्पाचीच सांडशी. तोंड हाललं... आवाज न्हाय.

नुसता बघत ऱ्हायला.

"काय बघतूस?" चनमल्लप्पा म्हणाला. "भ्यालो. व्हय, भ्यालो. पण तुज्या भावाला न्हाय मरू देणार मी."

आन उघडा हात मुशीत घातला.

सकाळी हाताला फडकं बांधून त्यो कचेरीत गेला. सायबाला फौजदाराच्या तोंडावर सगळं सांगितलं, धमकी सुदिक. चौथ्या दिवशी बिरप्पा सुटला. सायबानं पुंगळी मातर खणात टाकली.

"ठेवा," चनमल्लप्पा म्हणाला. "कुणी इचारलं तर मी ह्यो दावीन." तळहात उघडला. के, बाण, एफ, २९. जिता व्हता तवर पोलिसाला सुदिक बोलावून दावायचा.

भाजलं, ठसा उठला, त्यात काय, म्हणशीला. आरं, मी जलमभर कापड छापायचे ठसे कोरले. कोरलेलं अक्षर दाबलं की उलटं उठतं. मागल्या साली त्यो गेला, तवा आंघोळ घालताना मूठ मी उघडली आन पैल्यांदा नीट निरखली.

अक्षरं सुलट व्हती.