कोरड्या तळ्यावरची दुपार

त्या दिवशी मी धक्क्यावर गेले होते ते होड्यांच्या साखळ्या सोडायला. काम साधं होतं. सात होड्या, सात कुलपं आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सोबत मलप्पा होता, आमच्या आकाशपाळण्याचा मिस्त्री. साल शहाऐंशी, एप्रिलचा शेवटचा आठवडा. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, नव्या कचेरीतल्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. आणि पाऊस म्हणाल तर त्यानं आमच्याकडचा रस्ताच सोडला होता.

आमची बाग म्हणजे कवठाळीच्या तळ्याकाठची पाळण्याची बाग. माझे वडील महादेवप्पा, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, त्यांनी ती निजामाचं राज्य गेल्यावर थोड्याच वर्षांत सुरू केली. आधी एकच लाकडी पाळणा, चार पेट्यांचा, हातानं फिरवायचा. मग उदगीरच्या सुताराकडून गोल फिरणारे बारा घोडे करून घेतले. त्यातल्या एकाचे कान लांब झाले म्हणून पोरं त्याला गाढव म्हणायची आणि नेमकं त्याच्यावरच बसायला भांडायची. मग माळेगावच्या जत्रेतल्या एका पाळणेवाल्याचा लोखंडी आकाशपाळणा घेतला, तो पाच बैलगाड्यांतून आला. सगळ्यात शेवटी होड्या आल्या. पत्र्याच्या, पायडलच्या, दोघांनी शेजारी बसून चालवायच्या.

बहात्तरच्या दुष्काळातही बाग बंद नव्हती. तळं आटून अर्ध्यावर आलं होतं, पण पाळणा फिरत होता. अप्पा म्हणायचे, "पोटात काही नसलं तरी माणसाला वर जाऊन आपलं गाव बघू वाटतं."

अप्पा गेले आणि बाग माझ्याकडे आली. भावाचं मन लातूरच्या अडत दुकानात. लोक म्हणाले, नीलम्माला जमायचं नाही, बाईमाणूस. जमलं. दर रविवारी हातात भोंगा घेऊन मी धक्क्यावर उभी राहायची आणि ओरडायची, "पाच नंबर, वेळ झाली, काठाला या!" पैलवान असो की फौजदार, माझ्या आवाजाला काठाला येत होते.

त्या साली तळं पहिल्यांदा पार कोरडं पडलं. तळाला हात हात खोल भेगा. होड्या धक्क्याखाली चिखलात बसल्या, मग तो चिखलही वीट झाला. आणि कचेरीतून कागद आला. सोमवारपासून रोजगार हमीवर तळ्यातला गाळ काढायचा आहे, होड्या हलवा.

म्हणून आम्ही दोघं गेलो. दुपारचे बारा वाजत आले होते. पाच पायऱ्या उतरून मी पहिल्या होडीपाशी वाकले, कुलपात किल्ली घातली आणि मला वास आला. ओल्या शेवाळाचा. दोन महिने तिथं ओलं काही नव्हतं. मी मान वर केली. धक्क्यावर पत्र्याचं छप्पर आहे. तळं भरलेलं असलं की पाण्यावरचं ऊन त्या पत्र्याला खालून लागतं आणि उजेडाची जाळी हलत राहते, लहानपणी मी ती तासन्‌तास बघत बसायची.

ती जाळी हलत होती.

मी खाली बघितलं. भेगाळलेली माती. वर बघितलं. उजेड लाटांसारखा सरकत होता. आणि मग आवाज आला, पत्र्याला पाणी लागल्याचा. लप... लप... लप. सात नंबरची होडी हलत होती. हळूच, धक्क्याला टेकायची आणि दूर व्हायची.

"ताई," मलप्पा वरूनच म्हणाला. "वर या. बारा वाजले. आता खाली थांबू नका."

"तुला माहीत होतं?"

"तळं आटल्यापासून बघायलो मी. रोज दुपारी. घटकाभर असतंय, मग जातंय. कुत्रं बी उतरत न्हाई या टायमाला." "सिद्धराम धनगराची शेळी गेली न्हवं का परवा? मधोमध पडली होती. त्यानं कापली तर... पाणी, ताई. छातीत घागरभर पाणी."

मी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि होड्या तशाच ठेवून पायऱ्या चढून वर आले. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण वर आल्यावर मला भीतीपेक्षा दुसरंच काही वाटलं. सोमवारी इथं माणसं उतरणार होती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं लातूर गाठलं. कामावरचे इंजिनियर अण्णाराव. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"नीलम्माबाई, तळं कोरडं आहे ना?"

"कोरडं आहे."

"मग माणसं बुडतील कशात?"

ते म्हणाले, "चाळीस घरांच्या चुली या कामावर पेटणार आहेत. भुताच्या नावावर मी काम बंद ठेवलं तर लोक मला काय म्हणतील, आणि तुम्हाला काय म्हणतील?"

"बंद ठेवू नका. साडेअकराला सुट्टी द्या. ऊन उतरल्यावर पुन्हा लावा."

"बघतो," ते म्हणाले. बघतो म्हणजे काय, ते मला कळत होतं.

सोमवारी माणसं आली. बाया जास्त. घमेली, कुदळी, डोक्यावर भाकरीची फडकी. एक सरजाबाई नावाची हदगावकडची बाई होती, नवरा सुगीला बाहेर गेला तो परतला नव्हता. तिनं आल्या आल्या आमच्या पाळण्याकडं बघून विचारलं, "ह्यात बसल्यावर माझं गाव दिसंल का, ताई?" मी म्हटलं, "संध्याकाळी बसवते तुला. बघ दिसतंय का."

साडेअकरा झाले. मी अण्णारावांकडे गेले. ते बांधावर छत्री धरून उभे होते. "एवढी ओळ होऊ द्या," ते म्हणाले. पावणेबाराला पुन्हा गेले. त्यांनी घड्याळ बघितलं, तोंड फिरवलं.

मग मी भोंगा उचलला. "वेळ झाली! सगळ्यांनी काठाला यायचं!"

काही जणींनी माना वर केल्या. मुकादम हसला, आणि त्या पुन्हा वाकल्या.

बाराला वारा पडला. छपराच्या पत्र्यावर जाळी हलू लागली. मी तळ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातला भोंगा गळून पडला. तळ्याच्या मधोमध चाळीस माणसं होती आणि ती हळू झाली होती. पाऊल उचलायला त्यांना पळभर लागत होतं, टेकायला पळभर. बायांचे पदर वर उठले होते आणि डोक्याभोवती अलगद हलत होते. वारा तर पडलेला. एका म्हातारीच्या हातातलं घमेलं सुटलं, ते खाली पडलं नाही. गिरक्या घेत सावकाश उतरलं. तोंडं उघडी होती, सगळे ओरडत होते. पण आवाज एकाचाही येत नव्हता... फक्त धक्क्याखाली लप, लप, लप.

अण्णारावांची छत्री केव्हाच पडली होती. ते बांधावर बसले होते, हात जमिनीला लावून, लहान मुलासारखे.

"मलप्पा! दोर!"

पाळण्याच्या पेट्या चढवायचा मोठा दोर होता. मलप्पानं पळत आणला. त्याचं एक टोक मी धक्क्याच्या खांबाला बांधायला लावलं, दुसरं कमरेला गुंडाळलं आणि सात नंबरच्या होडीत उडी मारली.

"ताई, न्हाई! ताई, तिकडं जाऊ नका!"

"माझ्या बापाची होडी आहे," मी म्हटलं. "तीस वर्षांत एक माणूस बुडालं नाही इथं. आज बुडू देणार नाही."

मी साखळी सोडली आणि होडी उचलली गेली. पायऱ्या एकेक करून माझ्या खाली गेल्या, धक्क्याची फरशी माझ्या बरोबरीला आली. भरल्या तळ्याच्या दिवसांत होडी जिथं असायची तिथं ती आली. मी पायडल मारलं. ती चालली.

खाली बघू नये असं वाटत होतं आणि बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. खाली, दोन पुरुष खोलीवर, ती माणसं होती. माझ्याकडं बघत होती. मी दोर सोडत सोडत मध्यावर गेले आणि कमरेचं टोक सोडवून खाली टाकलं. सरजाबाईनं ते आधी धरलं. तिनं शेजारणीचा हात धरला, शेजारणीनं म्हातारीचा पदर. दोराच्या आधारानं ती रांग काठाकडं सरकू लागली. एकेक पाऊल.

तेव्हा होडी मागं ओढली जाऊ लागली. तळ्याचा सगळ्यात खोल भाग बांधाच्या भिंतीपाशी आहे, तिकडं. मी जोरानं पायडल मारत होते आणि होडी उलटी जात होती. हाताला गार लागलं. एवढ्या उन्हात खांद्यापर्यंत गार, जसं कुणी पाण्यात हात धरून ठेवलाय...

मला इतका राग आला. भीती कुठं गेली कुणास ठाऊक. मी त्या कोरड्या तळ्यावर ओरडले, "तहान लागलीय तुला? आम्हाला बी लागलीय! पाणी पायजे तर आभाळाला माग! माणसं न्हाई मिळणार! ऐकून घे, एक बी न्हाई मिळणार!"

पायडल एकदम हलकं झालं. होडी पुढं निघाली. मी मागं वळून बघितलं नाही. शेवटची म्हातारी पायऱ्यांवर पडली, खोकू लागली आणि तिचा आवाज मला ऐकू आला, तसं मी धक्क्यावर अंग टाकलं. माझ्या मागं होडी खाली कोसळली. कोरड्या मातीवर पत्रा फुटल्याचा तो आवाज तीन कोसांवर गेला म्हणतात.

चाळीस उतरले होते, चाळीस वर आले. सगळे पाणी ओकत होते. लुगडी मात्र खडखडीत कोरडी.

अण्णारावांनी कागदावर ऊन लागल्याचं लिहिलं. त्यांना तरी दुसरं काय लिहिता येणार होतं? पण त्यांनी ते काम दुसऱ्या गावाला हलवलं, आणि जाताना माझ्या पाया पडले. मी पाय मागं घेतले.

भाऊ आला, म्हणाला, बाग मोडून टाकू. गावची चार माणसं आली, म्हणाली, जागा खराब झाली, शांत करून घ्या, फाटकाला कुलूप लावा. मी म्हटलं, "जागा माझ्या बापानं वसवलीय. त्या तळ्याला जायचं असेल तर जाऊ दे, मी कशाला जाऊ?" पुढच्या रविवारी मी फाटक उघडलं. मलप्पानं पाळणा सुरू केला. पहिल्या फेरीला एकच माणूस बसलं. सरजाबाई. वर जाऊन तिनं उत्तरेला बघितलं, खाली आली आणि म्हणाली, "न्हाई दिसत. पन पुन्हा बसते." तिला मी कामावर ठेवून घेतलं.

त्यानंतर तळं भरलं, आटलं, पुन्हा भरलं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या सालीही आमचा पाळणा बंद नव्हता. आटलेल्या सालात मी धक्क्याला काटेरी तार लावते आणि बाराच्या टायमाला स्वतः तिथं खुर्ची टाकून बसते. ते समोर असतं, मी समोर असते. कुणी उतरत नाही.

सरजाबाई गेली त्याला दोन वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात मी तिच्या उशाशी होते. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? तवापासून विचारीन म्हणते."

"विचार की."

"मी खालून बघत होते न्हवं का... होडीत दोघी होत्या."

मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"शेजारी शेजारी बसून पायडल मारत होत्या. दोघी बी तुम्हीच. तेच लुगडं, तेच तोंड. मला वाटलं, तुमची भैन असंल." तिला दम लागला. मी तिच्या पाठीखाली हात घातला. "काठाला आल्यावर एकच उतरली. दुसरी बसून राहिली, होडीसंगं खाली गेली. वरडत होती, ताई. मला ऐकू येत न्हवतं... पन ती वरडत होती."

"मग?" मी विचारलं.

"कोण उतरलं, तेवढंच सांगा."

"मी उतरले," मी म्हटलं. "ही बघ, मीच आहे. नीलम्मा. महादेवप्पाची लेक." तिनं मान हलवली, पण माझा हात मात्र तिनं हळूच बाजूला केला.

मी मीच आहे. हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. बाग माझी आहे, फाटक मीच उघडते, मरेपर्यंत मीच उघडणार. कुणाला शंका असेल त्यानं रविवारी यावं आणि माझ्यासमोर उभं राहून विचारावं.

हा तांब्या घ्या, पाणी प्या. माझी वाट बघू नका. मी लोकांसमोर चार घोट घेते, नाही असं नाही. बघणाऱ्याला बरं वाटतं. पण त्या दुपारपासून आजपर्यंत, इतके उन्हाळे गेले, मला एकदाही तहान लागलेली नाही.